हौदेरावाचे गुडघे

ट्रकचा माणूस होतो अशी खेळणी आता बाजारात ढिगानं मिळतात. त्यांच्याविषयी अधिकारानं बोलू शकेल असा माणूस आमच्या धरमतर खाडीच्या काठी एकच आहे, आणि तो मी. बाकीच्यांनी असली खेळणी दुकानाच्या काचेआड बघितली असतील. मी असला ट्रक चालवलाय. खराखुरा, सहा चाकी, डिझेल पिणारा.

पेणच्या मिठागरांतून मीठ भरायचं आणि घाटावर पोचवायचं, हा माझा धंदा. गाडी मोठी गुणी. मीठ भरलं की तिला तहान लागायची. वडखळच्या अलीकडे विहीर दिसली की मी ब्रेकवर पाय ठेवायच्या आत ती आपली आपण थांबायची, आणि रेडिएटरात कळशीभर पाणी ओतल्याशिवाय हलायची नाही. माझा क्लीनर काळूराम कळशी आणायला कुरकुरला की ती त्याच्या कानाशी हॉर्न वाजवायची. काळूरामला आज डाव्या कानानं कमी ऐकू येतं ते त्यामुळेच. त्याला विचाराल तर तो नाही म्हणेल, कारण तुमचा प्रश्न त्यानं डाव्या कानानं ऐकलेला असेल.

खेळण्यावर येतो. पण आधी खऱ्या ट्रकचं सांगितल्याशिवाय खेळण्यातल्या चुका तुम्हाला कळायच्या नाहीत.

एका भादव्यात मोठं उधाण आलं. आमची भातशेती खाडीपेक्षा सखल. मधे मातीचा बांध आहे म्हणून तिला शेती म्हणायचं, नाहीतर तीही खाडीच. त्या दिवशी भर दुपारी बांधाला भगदाड पडलं. आम्ही त्याला खांड म्हणतो. खांड पडली आणि खारं पाणी पोटरीला आलेल्या भातात शिरायला लागलं. असं पाणी एकदा जमिनीत बसलं की पुढली दोन-तीन वर्षं तिथं भाताची काडी उगवत नाही. सगळं गाव बांधावर. कोणाच्या हातात घमेलं, कोणाच्या डोक्यावर पेंढा, एकानं तर घराचा दरवाजा काढून आणलेला. मी गाडीत काळा दगड भरला आणि बांधावरून उलटी घेत निघालो. काळूराम मागे उभा राहून “आन दे, आन दे” करत होता. खांडीपाशी पोचलो, आणि गाडीनं काय करावं? मागची चाकं खांडीत रोवली, पुढची दोन हवेत उचलली आणि उभी राहिली. तुम्ही-आम्ही उभे राहतो तशी. हौद्यानं खांड बुजवली आणि अख्खी खाडी कमरेवर तोलून धरली. मी आत स्टिअरिंगला लोंबकळतोय, समोरच्या काचेत नुसतं आभाळ. ओहोटी लागेस्तोवर गाडी तसूभर हलली नाही. गावाचा भात वाचला.

इथपर्यंत गावात कोणाचंच दुमत नाही. एकाच मुद्द्यावर काळूरामचं आणि माझं आजतागायत जुळलेलं नाही. मी म्हणतो, गाडी उभी राहिली. तो म्हणतो, गाडी पडली.

आता माझ्या गोष्टी ऐकायच्या गावानं सोडून बरीच वर्षं झाली. मुलगा प्रज्योत बंदरावरचा ट्रेलर चालवतो. त्याच्या मते गाडी म्हणजे लोखंड, तिला तहान वगैरे लागत नाही. बायको आवडाबाई माझं पहिलं वाक्य संपायच्या आत चुलीकडचं काहीतरी करपतंय असं सांगून उठते. आमच्याकडे गॅस येऊन किती वर्षं झाली. राहता राहिली नात, नेत्रा. पाचवीत आहे. तिला माझ्या साऱ्या गोष्टी तोंडपाठ, आणि सांगतेही माझ्यापेक्षा जोरात. चैत्राच्या जत्रेत देवळापुढे पोरांचा कार्यक्रम असतो. त्यात तिनं नाव दिलं होतं, गोष्ट सांगणार म्हणून. उभ्या राहिलेल्या ट्रकची.

जत्रा तोंडावर आलेली, आणि एका दुपारी ती शाळेतून आली ती दप्तर पाठीवर तसंच ठेवून माझ्यापुढे येऊन थांबली.

“आजा, गणराज बोलतो तुझी गाडी उभी न्हाय राहिली. पडली.”

गणराज म्हणजे काळूरामचा नातू. तिच्याच वर्गात.

“त्याला कोण बोललं?”

“त्याचा आजा.”

“त्याच्या आजानं त्या टायमाला डोळे मिटलेले.”

“ते ऱ्हाऊ दे. तो बोलतो ट्रक उभा ऱ्हाऊच शकत न्हाय. ट्रकाला गुडघे कुठं असतात?”

मी आयुष्यात आरटीओला उत्तरं दिली आहेत, घाटातल्या पोलिसांना दिली आहेत, सासऱ्यांना दिली आहेत. कुठे अडलो नाही. पण गुडघ्यांचा विचार, खरं सांगतो, माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता.

“अख्खा वर्ग हसला मला,” नेत्रा म्हणाली.  “तू दाखव मला ट्रक उभा राहतो तो. न्हायतर मी गोष्ट न्हाय सांगायची. जत्रेत कविता म्हणीन. पावसाची.”

पावसाची कविता! दर जत्रेत पाच-सहा पोरं म्हणतात, आणि तोवर कोणी माइकची वायर ओढून ठेवलेली असते. तुम्हाला ही लहानशी बाब वाटेल. मला वाटली नाही. गाडी कधीच भंगारात गेली. ती आता जिथं कुठं उभी आहे ती नेत्राच्या तोंडात उभी आहे. पोरीनं पाऊस धरला की गाडी पडली म्हणायची, आणि काळूराम जिंकला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं अलिबाग गाठलं. बाजारात दिपेशचं खेळण्यांचं दुकान आहे. मी आत शिरलो.

“गुडघ्यांचा ट्रक दाखव.”

दिपेशनं माझ्याकडे बघितलं, मग वर माळ्याकडे. “काका, रोबोट पाहिजे? ट्रकचा रोबोट होतो तो?”

“होतो का करायला लागतो?”

“हातानं करायचा. बॅटरी नाही, काही नाही.”

“मग आमचाच बरा होता. आपला आपण व्हायचा.”

दिपेश हसला. धंद्यात मुरलेला माणूस. गिऱ्हाइकाला खोटं पाडत नाही. त्यानं तीन खोके काढले. एकात मोटारीचा रोबोट, एकात विमानाचा, एकात ट्रकचा. ट्रकचा खोका मी उजेडात नेऊन बघितला आणि घेतला. किंमत इथं लिहीत नाही, कारण आवडाबाई अंक बरोबर वाचते.

आता जे विकत घेणार असतील त्यांच्यासाठी नीट सांगतो.

खोका देखणा आहे. वर चित्रात तो डोंगर फोडताना दाखवलाय. आत डोंगर येत नाही. ट्रकला पुठ्ठ्यावर पातळ तारांनी जागोजाग असा आवळून बांधलाय की सोडवता सोडवता नखं जातात. बांधला ते बरोबरच केलं. असल्या गाड्यांचा स्वभाव मला ठाऊक आहे, दुकानातून चालत गेला असता. सोबत एक घडी घातलेला कागद. त्यावर एक अक्षर नाही, नुसती चित्रं आणि बाण. हा बाण इकडे, तो बाण तिकडे. नेत्राला दोन मिनिटांत कळलं. मी तो कागद वाऱ्यानं उडू नये म्हणून बुडाखाली ठेवला.

गाडी म्हणून बघाल तर शंभरात चाळीस गुण देईन. केबिन केशरी, हौदा हिरवट, टायर खऱ्या रबराचे, आरसेसुद्धा आहेत. चाकं दहा दिलीत, ती जास्त झाली. आमच्या गाडीनं सहांवर खाडी अडवली. दारं उघडत नाहीत. मग ड्रायव्हर चढणार कुठून? हॉर्न नाही. क्लीनरला लटकायला मागे दांडी नाही. पण हातात धरली की गाडी वजनदार लागते, पोकळ वाटत नाही, आणि फरशीवर ढकलली तर सरळ जाते, एका अंगाला ओढत नाही. आमच्या तालुक्यातल्या निम्म्या टेम्पोंबद्दल मला हे म्हणता येणार नाही.

माणूस म्हणून मात्र जास्त गुण. आधी केबिन पुढे ओढायची, ती छाती होते. आतून मुंडकं वर येतं, त्याचे डोळे निळे. पुढच्या चाकांवरचे पत्रे उलगडले की हात, आणि मुठी मनगटातून बाहेर सरकतात. शेवटी मागची सगळी बाजू मधोमध दुभंगते, खाली ओढली की पाय. वळताना गुडघे कट् कट् वाजतात, आणि ज्या कोनात ठेवाल त्या कोनात राहतात. हे काम फार चांगलं केलंय. खोट म्हणाल तर एकच: हौदा पाठीवर येतो, त्यामुळे सरळ उभा केला की मागे उताणा पडतो. माल मागे भरला की गाडी तोंड उचलते, हे मला विचारलं असतं तरी सांगितलं असतं. त्याला जरासं पुढे वाकवलं, पेकाट धरल्यासारखं, की झकास उभा राहतो.

“आजा,” नेत्रा जमिनीवर पालथी पडून त्याच्या पायांकडे बघत होती, “गुडघे हायत!”

“असणारच. आपल्याच गाडीवरून घेतलेत. त्या दिवशी बांधावर कोणीतरी फोटो काढला असणार.”

“आनि मग तो चीनला नेला?”

“इथलं मीठ कुठं कुठं जातं. फोटोला कसलं ओझं?”

 पावसाची कविता लिहिलेला कागद तिनं दप्तरात सारला, हे मी बघितलं.

पाठीवरच्या हौद्यामुळे आम्ही त्याचं नाव हौदेराव ठेवलं. नेत्रानं जाऊन गणराजला बजावलं, “रविवारी संध्याकाळी तुझ्या आजाला घेऊन ये. ट्रक उभा राहताना बघा.” गणराजनं विचारलं म्हणे, “किती वेळ राहील?” ही म्हणाली, “ओहोटी लागेपर्यंत.” पोरगी माझ्या वळणाची आहे.

रविवार उजाडला, आणि इथं माझ्या हातून जे झालं ते आमच्याकडचा कोणताही गाडीवाला करेल. नवी गाडी आणली की तिची पूजा होते. बॉनेटवर हळदकुंकवाचं स्वस्तिक, नारळ, आणि चाकांखाली लिंबं. गाडी लिंबं चिरडून पुढे आली की मगच तिला घरची म्हणायचं. आमच्या अंगणात बिनपूजेची गाडी आजवर लागलेली नाही.

“अवो, खेळन्याची पूजा करतात का कुठं?” आवडाबाई ओटीवर लोणच्यासाठी कच्ची करवंदं निवडत बसली होती.

“दहा चाकी गाडी हाय ती.”

“टपात मावते दहा चाकी!”

“टप मोठा हाय आपला.”

स्वस्तिक काढलं. नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा हौद्यात ठेवला. पुढच्या चाकाखाली लिंबू सरकवलं, तर हौदेराव लिंबावर चढून आडवाच झाला. लिंबू त्याच्या केबिनएवढं. ते त्याच्याखाली चिरडणार कसं? माझी नजर आवडाबाईच्या टोपलीवर गेली. करवंदं! हिरवीगार, टणक, चाकाच्या मापाची. चाकागणिक एक ठेवलं, वरून तळव्यानं जोर दिला, आणि गाडी पुढे घेतली. फटाफट फुटली. पांढरं शुभ्र दूध उडालं. मी म्हटलं, शकुन चांगला झाला. पंच्यानं वरवर पुसलं आणि हौदेरावाला टीव्हीवर नेऊन ठेवलं. दिवसभर खिडकीतलं ऊन त्याच्या पाठीवर.

संध्याकाळी काळूराम आला. धुतलेला शर्ट, डोक्याला तेल. नातवाला बरोबर घेऊन आला होता. अंगणातल्या खुर्चीवर बसला आणि उजवा कान माझ्याकडे केला.

“कुठं हाय तुझी गाडी, रावजी? का तिला आनायला माणूस पाठवलाय?”

“ती येईल. तुझे डोळे उघडे हायत ना? मागच्या टायमाला मिटलेले.”

“मागच्या टायमाला उघडे होते म्हणून तर बोलतो. पडली ती.”

“काळूभावजी, चा घ्या,” आवडाबाई मधे आली. “दोघंपन पडाल आता.”

नेत्रानं हौदेरावाला आणून पाटावर ठेवला. घसा खाकरला. तिला मी हे शिकवलेलं आहे, खाकरल्याशिवाय गोष्ट सुरू करायची नाही. मग तिनं केबिन पुढे ओढली. छाती झाली. मुंडकं वर आलं. गणराज नकळत पुढे सरकला. हात उलगडले, मुठी आल्या. काळूराम चहाची बशी तोंडाशी धरून थांबला. मी मिशीवरून हात फिरवला. आता पाय.

पाय येईनात.

नेत्रानं ओढलं. वाकवलं. मागची बाजू दुभंगेचना. मी घेतला, जोर लावला. गुडघ्यातून कट् सुद्धा नाही. खाली ठेवला तर छाती वर, मागचं धूड ट्रकचंच, जमिनीला टेकलेलं. माणूसही नाही आणि ट्रकही नाही.

“गुडघे धरले त्याचे,” काळूराम म्हणाला. “वय झालं. माझेपन धरतात.”

गणराज खिदळला.

आवडाबाईनं जवळ येऊन हौदेरावाला उलटा केला. चाकांच्या मधल्या फटीत बोट घातलं, दोन बोटं एकमेकांना लावली, सोडवली. तार आली.

“चीक हाय करवंदाचा. तरी म्हटलं, माझी टोपली कोनी विसकटली. सकाळपास्नं उनात ठेवलाय, खिळल्यागत झालाय आता.”

“करवंदं?” काळूरामनं बशी खाली ठेवली. “रावजी, तू ट्रकाला करवंदं चारलीस?”

“चाकाखाली ठेवली. पूजेला.”

यावर तो असा हसला की ठसका लागून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला राग आला म्हणाल तर आला नाही.  आजवर अशा वेळी चार-चार उत्तरं जिभेवर रांग लावून उभी असायची, त्यातलं कोणतं आधी सोडायचं एवढाच प्रश्न. त्या संध्याकाळी एकही हजर नव्हतं.

“नेत्रा,” गणराज म्हणाला, “कविता पाठ हाय का गं?”

नेत्रानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती माझ्याकडे बघत होती.  मग तिनं हौदेरावाला उचललं आणि तरातरा वाडीत गेली.

आमच्या अंगणाला लागून माडांची वाडी आहे. संध्याकाळी पंप लावला की पाटातून झाडांना पाणी जातं. ते चालूच होतं. नेत्रा फ्रॉक सावरून पाटाच्या कडेला बसली आणि दोन्ही हातांनी चिखल ओढून पाण्यात आडवा बांध घालायला लागली. आम्ही सगळे मागोमाग. गणराज आधी नुसता बघत होता, मग न राहवून तोही चिखल द्यायला लागला. खेळात भांडण टिकत नाही त्या वयात. बांध झाला. पाणी एका अंगाला तटलं, चढायला लागलं. नेत्रानं बोटानं मधोमध बांध फोडला. पाणी त्या फटीतून धो धो सुटलं, आणि पलीकडे तिनं गवताच्या काड्या रोवून भात लावला होता तो लागला वाकायला.

“खांड पडली,” ती म्हणाली. “काळूआजा, हौद्यात काय होतं?”

काळूरामनं फुटलेल्या बांधाकडे बघितलं. मग म्हणाला, “काळा दगड.”

तिनं बारके खडे वेचून हौद्यात भरले. खोबऱ्याचा तुकडा तेवढा काढून गणराजच्या हातावर ठेवला. आणि हौदेरावाला, तसाच अर्धा ट्रक अर्धा माणूस, धरून बांधावरून उलटा न्यायला लागली. मागची चाकं फटीच्या दिशेनं. सावकाश. चाक एकदा कडेला घसरलं.

“डावीकडं काट,” काळूराम म्हणाला. “काट, काट... हां. आन दे.” तो कधी उकिडवा बसला ते आम्हाला कळलंच नाही. गुडघे धरलेला माणूस. उजव्या हाताचा पंजा हवेत हलत होता, जसा तो तीस वर्षांपूर्वी माझ्या आरशात हलायचा. “आन दे, आन दे, आन दे. बस!”

मागची चाकं खांडीत गेली. हौदा फटीत बसला, खडे खाली दाबले गेले, आणि हौदेरावाची छाती वर आली. हात दोन्हीकडच्या चिखलावर टेकलेले, निळे डोळे सरळ आभाळात. पाणी थांबलं. थोडं पाझरलं बाजूनं, पण थांबलं. गवताचा भात हळूहळू ताठ झाला.

पाय आले असते तर हे झालंच नसतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. सरळ पायांवर उभा माणूस खांडीत मावत नाही. त्याच्या टांगांमधून अख्खी खाडी आत आली असती.

“असाच होता का?” नेत्रानं विचारलं. माझ्याकडे न बघता, काळूरामला.

काळूरामनं हात पुढे करून हौदेरावाला डावीकडे जरासा कलता केला. “असा. एवढा कललेला.” मग त्याच्याकडे बघत राहिला. 

“मग पडला का उभा राहिला?”

“पडला असता तर पानी थांबलं असतं का?” तो तिच्यावरच खेकसला. “शाळेत काय शिकवतात तुला?”

“आजा!” गणराज म्हणाला. “तू तर बोललास...”

“तू गप. तुला काय म्हाईत? मी तिथं होतो.” काळूराम माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठला, धोतर झटकलं आणि नेत्राकडे वळला. “आनि ऐक, तुझ्या आजाला हे म्हाईत न्हाय, तो वर लोंबकळत होता. गाडी बोलली.”

“काय बोलली?” नेत्राचे डोळे मोठे झाले.

“मला बोलली, काळू, दम लागला रं, कळशीभर गोडं पानी आन. मी बांधावरून पळत गेलो, विहिरीतून कळशी भरली, आनि तिच्या तोंडात ओतली. तवा कुठं ती ओहोटीपर्यंत टिकली. न्हायतर गेलं होतं तुमचं भात.”

 आमची गाडी तहानेनं थांबायची, हॉर्न मारायची, हे सगळं ठीक. पण बोलायची, हे साफ खोटं होतं. माझ्याच गाडीबद्दल, माझ्याच अंगणात, माझ्या तोंडावर. “काळूराम,” मी म्हटलं, “थापा मारू नकोस. पोरं ऐकतात.”

“तू मारल्यास त्या?”

“मी कधी बोलायला लावली का तिला?”

“तुला ऐकू आलं नसंल. वर आभाळाजवळ होतास.”

दोघं भांडत अंगणात आलो. मागे नेत्रा गणराजला विचारत होती, जत्रेत तू काळूआजा होशील का, नुसतं “आन दे, आन दे” म्हणायचंय आणि शेवटी कळशी घेऊन पळायचंय. तो म्हणाला, कळशी खरी पाहिजे. त्यावर त्यांचं काय ठरलं मला कळलं नाही, कारण काळूराम माझ्या कानाशी विहीर कोणत्या बाजूला होती ते सांगत होता, आणि चुकीच्या बाजूला सांगत होता.

तर, घ्यायचा असेल त्यांनी खुशाल घ्यावा. मजबूत आहे, पाण्यात बसला तरी रंग गेला नाही, आणि खाडी अडवतो. पूजा करायची असेल तर नुसतं कुंकू लावावं.

दिवेलागणीला आवडाबाई खोबरेल तेलाची बाटली आणि जुनं फडकं घेऊन ओटीवर आली. फणसाचा चीक निघतो तसा करवंदाचाही निघेल, म्हणाली, आणा इकडे, गुडघे मोकळे करते त्याचे.

नेत्रानं हौदेरावाला चटकन पाठीमागे घेतलं.

“आता नको, आजी. जत्रा झाल्यावर.”